गिरणीची प्रतिकृति आणि तिचे दिवे

दिवाळीच्या सुटींत अंगणांत मातीचा किल्ला केला नाहीं असा विद्यार्थी विरळाच सांपडेल. दगडमातीचे बुरूज रचावे, त्यांवर अळीव पेरून हिरवळ उगवावी, मावळ्यांचीं चित्रें मांडावीं आणि सायंकाळीं पणत्या लावून शेजाऱ्यांस पाहावयास बोलवावें, हा उद्योग महाराष्ट्रांतील मुलांच्या अंगवळणीं पडलेला आहे. याच हौसेला थोड्या मोजणीची व थोड्या विज्ञानाची जोड दिली, तर किल्ल्याहून निराळ्या जातीची एक वस्तु, म्हणजे कापडाच्या गिरणीची प्रमाणबद्ध व दिव्यांनीं उजळणारी प्रतिकृति, आपणांस करतां येईल. ती कशी करावी व करतांना काय शिकावें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

किल्ला व देऊळ सोडून गिरणीच कां, असें कोणी विचारील. मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेव येथें स्थापन केली व १८५६ सालीं तिचें काम सुरू झालें. नागपुरास जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली. पुढें मुंबईंत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत इतक्या गिरण्या उभ्या राहिल्या कीं, त्या सगळ्या टापूसच लोक गिरणगांव म्हणूं लागले. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या लक्षावधि माणसांचा दिवस गिरणीच्या भोंग्यानें उगवे व भोंग्यानेंच मावळे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर पुष्कळ गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा चालल्याच नाहींत. कांहींच्या जागीं उंच इमारती झाल्या, तर लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत मोठा बाजार वसला. वाचकांपैकीं कित्येकांचे आजोबा अथवा पणजोबा या गिरण्यांत राबले असतील. इमारत पाडली म्हणजे ती तशीच कां बांधली होती हें ज्ञानही हळूहळू नाहींसें होतें. प्रतिकृति करणाऱ्यास तें पुन्हा शोधून काढावें लागतें, आणि हाच या उद्योगाचा खरा लाभ आहे.

प्रथम इमारत समजून घेऊं. जुन्या गिरणीचे मुख्य भाग तीन. सूत कातण्याचें काम बहुधा अनेक मजली इमारतींत चाले. कापड विणण्याचे माग, ज्यांस गिरणींत ‘साचे’ म्हणत, ते मात्र जमिनीलगतच्या एकमजली इमारतींत बसवीत. कारण शेंकडों साचे एकदम चालूं लागले म्हणजे जो हादरा बसतो तो वरच्या मजल्यांस सोसत नाहीं. तिसरा भाग बाष्पयंत्राचा. बाष्पक तापवावयास कोळसा जाळावा लागे. त्याचा धूर उंच नेण्यासाठीं व भट्टींत वारा ओढून आणण्यासाठीं विटांचें उंच धुराडें बांधीत. हीच गिरणगांवची चिमणी. चिमणी जितकी उंच, तितकी तींतील उष्ण हवेची व बाहेरच्या थंड हवेची वजनांतील तफावत अधिक, आणि तितकी भट्टीची ओढ जोराची. म्हणजे ती उंची दिखाव्यासाठीं नव्हती, कामासाठीं होती.

संपूर्ण गिरणीची प्रतिकृति एकट्यादुकट्यास झेंपणार नाहीं. म्हणून साचेखातें व चिमणी एवढाच भाग निवडावा. साचेखात्याचें छप्पर करवतीच्या दात्यांसारखें असे. प्रत्येक दात्याची एक बाजू लांब व उतरती, कौलांनीं किंवा पत्र्यांनीं शाकारलेली. दुसरी बाजू आंखूड, जवळजवळ उभी, कांचेच्या तावदानांची. तावदानांची बाजू नेहमीं उत्तरेस ठेवीत. यांतील मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. आपला देश विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळें वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेच्या तावदानांतून ऊन आंत येत नाहीं, केवळ आकाशाचा पसरट, थंड, एकसारखा प्रकाश येतो. अशा प्रकाशांत डोळे दिपत नाहींत, साच्यावर दाट सावली पडत नाहीं, तुटलेला धागा चटकन् दिसतो, आणि खातें उन्हानें तापतही नाहीं.

परंतु ही पद्धति लँकाशायरसारख्या थंड व पुष्कळ उत्तरेकडील मुलखांतून आली. मुंबईचे अक्षांश सुमारें १९ उत्तर आहेत. तेव्हां मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हींचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित् उत्तरेकडे सरकतो. २१ जूनला तो माथ्यापासून सुमारें साडेचार अंश उत्तरेस असतो. म्हणजे तेवढ्या दिवसांत उत्तरेच्या कांचेलाही ऊन चाटून जातें. पण यांतील बराच काळ पावसाळ्याचा व ढगांचा असतो, म्हणून विलायतेची ही युक्ति येथेंही चालून गेली. याच्या उलट डिसेंबरांत मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून सुमारें साडेसत्तेचाळीस अंश वर, पण दक्षिणेस असतो. तेव्हां उतरती बाजू कांचेवर सावली धरून उभी राहते.

आतां मापें. एकाद्या उभ्या असलेल्या गिरणीचें माप घ्यावयाचें असेल, तर मालकाची परवानगी घेऊन व वडील माणसास बरोबर नेऊन बाहेरूनच घ्यावें. पडक्या इमारतींत पाऊल टाकूं नये. भिंतीची उंची विटा मोजून काढतां येते. एकच वीट मोजूं नका. दहा थरांची उंची मोजून तीस दहांनीं भागा, म्हणजे चुन्याच्या सांध्यासह एका थराचें माप मिळेल. मग थर मोजावे व गुणाकार करावा. चिमणीसाठीं भूमितींतील समरूप त्रिकोण उपयोगी पडतात. समजा, एक मीटर उंचीच्या उभ्या काठीची सावली ८० सेंटीमीटर पडली, आणि त्याच क्षणीं चिमणीच्या बुडाच्या मध्यापासून तिच्या सावलीचें टोंक ३६ मीटरांवर आहे. तर चिमणीची उंची ३६ भागिले ०·८, म्हणजे ४५ मीटर. अंतर बुडाच्या कडेपासून नव्हे, मध्यापासून धरावें, हें विसरूं नये. इमारत पाडली गेली असल्यास जुनीं छायाचित्रें घ्यावीं; त्यांतील दरवाजा, माणूस किंवा विटांचे थर हीच आपली मोजपट्टी.

प्रमाण १ : ५० धरावें. म्हणजे ४५ मीटरांची चिमणी ९० सेंटीमीटर होईल, सहा मीटर रुंदीचा छपराचा एक दाता १२ सेंटीमीटर, आणि असे सहा दाते ७२ सेंटीमीटर. साडेचार मीटर उंचीची भिंत ९ सेंटीमीटर, व १६० सेंटीमीटर उंचीचा कामगार ३२ मिलिमीटर भरेल. २३ सेंटीमीटर लांबीची जुनी वीट ४·६ मिलिमीटर होईल. दोन विटांमधील एक सेंटीमीटरचा सांधा अवघा ०·२ मिलिमीटर राहील. तो कापून दाखविण्याच्या भरीस पडूं नये. बोथट सुईनें पुठ्ठ्यावर हलकी रेघ ओढली म्हणजे पुरे.

भिंतींस दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा वापरावा. तावदानांस पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद घेऊन त्यावर चौकटीच्या रेघा ओढाव्या. पत्र्याच्या छपरासाठीं खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलला कीं आंतील नागमोडी थर आयता मिळतो. चिमणी करावयास जाड कागद शंकूसारखा गुंडाळावा, म्हणजे ती वर निमुळती होईल. छप्पर चिकटवूं नये. तें झांकणासारखें उचलतां आलें पाहिजे, नाहीं तर पुढें एकादा दिवा बिघडला असतां सगळी इमारत फोडावी लागेल.

येथें एका नियमाकडे लक्ष द्या. लांबी पन्नासांशानें घटली कीं क्षेत्रफळ ५० गुणिले ५०, म्हणजे अडीच हजारांशानें घटतें, आणि घनफळ व वजन सव्वालक्षांशानें घटतें. यामुळें पुठ्ठ्याचें छप्पर आधारावांचूनही वांकत नाहीं, कारण त्याचें वजन त्याच्या बळापेक्षां फारच अधिक घटलेलें असतें. प्रतिकृतीला आंत खांबांची गरज भासत नाहीं. परंतु खऱ्या साचेखात्यास ओतीव लोखंडाच्या खांबांच्या ओळी लागत. तेव्हां आपल्यास गरज नसली तरी खांब उभारावेच. प्रतिकृतीनें आपली सोय सांगावयाची नसून मूळ इमारतीची अडचण सांगावयाची असते.

मात्र एक गोष्ट घटत नाहीं, ती म्हणजे कोन. दात्यांचा उतार खऱ्या इमारतींत जितक्या अंशांचा, तितक्याच अंशांचा प्रतिकृतींत राहतो. म्हणून आपली गिरणी होकायंत्राच्या साहाय्यानें बरोबर उत्तरेकडे तोंड करून गच्चीवर ठेवाल, तर खऱ्या गिरणींत जसें व जेव्हां ऊन शिरे तसेंच व तेव्हांच तें हिच्यांतही शिरेल. डिसेंबरांत दुपारीं बाजूच्या खिडकींतून आंत पाहा. कोठेंही उन्हाचा कवडसा नाहीं, तरी साच्यांच्या ओळी स्वच्छ दिसतात. मग प्रतिकृति फिरवून तावदानें दक्षिणेस करा; जमिनीवर लगेच उन्हाचे प्रखर पट्टे पडतील. उत्तरेची बाजू कां निवडली, याचें उत्तर एका क्षणांत डोळ्यांपुढें उभें राहील.

सूर्य फार दूर असल्यामुळें त्याचा प्रकाश लहान गिरणीसही तितकाच बेताचा. दिव्यांचें तसें नाहीं. बाजारांतून पांढरा एलईडी आणून तो पूर्ण तेजानें आंत लावला, तर खिडक्यांतून भट्टी पेटल्यासारखा लोळ बाहेर पडतो व सारी मेहनत खेळण्यासारखी दिसूं लागते. कारण वरच्याच नियमांत आहे. साचेखात्याची जमीन अडीच हजारांशानें घटली. तेव्हां ती तितकीच उजळ दिसावयास दिव्याचा प्रकाशही अडीच हजारांशच हवा. पदार्थविज्ञान शिकलेल्यांस हें दुसऱ्या रीतीनेंही ताडून पाहतां येईल: साच्यापासून तीन मीटर उंचीवरचा दिवा येथें सहा सेंटीमीटरांवर येतो, आणि प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असते.

आतां हिशेब करूं. तारेच्या जुन्या ६० वॅटच्या दिव्याचा प्रकाश साधारणपणें ७०० ल्यूमेन असे. त्यास २,५०० नें भागिलें असतां सुमारें ०·२८ ल्यूमेन येतात. साधा पांच मिलिमीटरचा पांढरा एलईडी २० मिलिअँपिअर प्रवाहावर ढोबळ मानानें पांचसहा ल्यूमेन देतो. म्हणजे आपणांस त्याचा विसावा भाग पुरे, आणि त्यासाठीं प्रवाहही विसावा भाग, एक मिलिअँपिअर, पुरे. तीन पेन्सिल सेल एकापुढें एक जोडले कीं ४·५ व्होल्ट मिळतात. इतक्या थोड्या प्रवाहावर एलईडी सुमारें २·७ व्होल्ट घेतो. उरलेले १·८ व्होल्ट रेझिस्टरनें खावयाचे. ओहमच्या नियमाप्रमाणें १·८ भागिले ०·००१, म्हणजे १,८०० ओहम. हा रेझिस्टर दुकानांत सहज मिळतो.

प्रत्येक एलईडीस स्वतंत्र रेझिस्टर जोडावा व असे बारा दिवे समांतर जोडावे. एकूण प्रवाह १२ मिलिअँपिअर होईल. सेलची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तास धरली, तर गिरणी दीडशें तासांच्या आसपास उजळेल. मात्र सेल उतरत जातात तसतसा प्रकाशही मंद होतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूस लावावा. त्याचा प्रकाश समोर झोतासारखा पडतो. तो पसरावा म्हणून त्याचें टोंक बारीक पॉलिशकागदानें घांसून धुरकट करावें. रंग पिंवळसर असलेलाच घ्यावा. डाख देतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या व वडील माणूस जवळ असावें. घरांतील विजेच्या बटणाशीं या तारांचा संबंध कधींही येऊं देऊं नये; तेथील २३० व्होल्ट प्राणघातक आहेत.

दुसरी अडचण प्रकाश झिरपण्याची. पुठ्ठ्याच्या सांध्यांतून व पातळ भिंतींतून उजेड बाहेर येऊं लागला कीं भिंत भिंत वाटत नाहीं. म्हणून भिंतींस आंतून प्रथम काळा रंग द्यावा आणि वाळल्यावर त्यावर पांढरा. काळा थर प्रकाश अडवील, पांढरा तो आंत परतवील. हा पांढरा रंगही खऱ्यास धरूनच आहे. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांत, जेथें तैलरंग दिलेला नाहीं तेथें आंतील भिंतींस चौदा महिन्यांतून एकदां तरी सफेती करावी, आणि प्रकाश देणाऱ्या खिडक्या व तावदानें दोन्ही बाजूंनीं स्वच्छ ठेवावीं, असें घातलें होतें.

कायद्यास तावदानांची चिंता कां पडावी? येथेंच आपल्या दिव्यांचा खरा अर्थ सुरू होतो. विजेचे दिवे येण्यापूर्वीं मुंबईच्या गिरण्या बहुतांशीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. उन्हाळ्याचा दिवस मोठा म्हणून काम मोठें, हिंवाळ्याचा लहान म्हणून काम थोडें. अंधार हीच कामगाराची सुटी होती. पुढें विजेचे दिवे आले आणि तीही सुटी गेली. १९०५ च्या सुमारास कांहीं गिरण्यांत दिवसास चौदापंधरा तास काम होऊं लागलें. ज्या दिव्यानें धागा स्पष्ट दिसूं लागला, त्यानेंच माणसाची झोंप घेतली. दोष दिव्याचा नव्हता. तो किती वेळ जाळावा हें ठरविणारांचा होता.

त्यावर तोड माणसांनींच काढली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांचें काम दिवसास अकरा तासांवर व मुलांचें सात तासांवर आणलें. तीं मुलें नऊ ते चौदा वर्षांचीं असत, म्हणजे आपल्या शाळेंतील खालच्या वर्गांतील मुलांएवढीं. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली, आणि १९४८ च्या कायद्यानें दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ठरविले.

म्हणून प्रतिकृतीस एक बटण बसवावें व शेजारीं पाटी लिहावी. बटण बंद असतां पाहणाऱ्यास उत्तरेचा प्रकाश दिसेल. बटण दाबलें कीं रात्रपाळी. साच्यांपाशीं ३२ मिलिमीटर उंचीचीं माणसें उभीं करावीं, कारण माणसांवांचून गिरणी म्हणजे नुसती भिंत. घरीं कोणी गिरणींत काम केलेलें असेल, तर त्यांच्यापाशीं बसून विचारा: आजोबा, आपला साचा कितव्या ओळींत होता? दिवा कोठें टांगलेला असे? साच्यांच्या आवाजांत एकमेकांशीं कसें बोलत होतां? मिळालेलीं उत्तरें लिहून ठेवा व दिवा ते सांगतील तेथेंच टांगा. मापें कोणतीं प्रत्यक्ष घेतलीं, कोणतीं छायाचित्रावरून काढलीं व कोणतीं केवळ अजमासानें धरलीं, हेंही पाटीवर स्पष्ट लिहावें. अजमासास माप म्हणून खपविणें ही लहान लबाडी वाटते, पण उद्यां मूळ इमारत नसतांना तीच खरी ठरून बसते.

पालकांस एक विनंति. या कामास खर्च थोडा, पण वेळ पुष्कळ लागतो. एका सुटींत तें पुरें झालें नाहीं तर मुलांस दटावूं नये. हातानें मोजणें, हिशेब करणें, चुकलेला सांधा उसवून पुन्हा चिकटविणें आणि घरांतील वृद्धांचें बोलणें मन लावून ऐकणें, हें सर्व शिक्षणच आहे. शाळेच्या प्रदर्शनांत जेव्हां ही गिरणी टेबलावर ठेवली जाईल व खोलींतील उजेड कमी करून तिचे बारा दिवे लावले जातील, तेव्हां ती कोणी केली हें पाहुणे विचारतीलच. करणाऱ्यानें आपलें नांव सांगावें, आणि त्याबरोबर, त्या खिडक्यांच्या आंत रात्र रात्र कोण उभें होतें तेंही सांगावें.